धाबळीखालचा ओलावा

नवी गाडी दसऱ्याला घरी आली आणि दिवाळीच्या आत तिच्या मागच्या काचेवर पांढरे ओघळ दिसायला लागले. गाडी गडद निळी, तिच्यावर पांढरं काही लपत नाही. काचेच्या वरच्या कडेला पाणी उडवणारी बारीक तोटी असते, तिथून ते ओघळ निघायचे आणि थेट नंबरप्लेटपर्यंत उतरून चुन्यासारखे सुकायचे. मी मुळात तापट, त्यात वस्तूंचा सोस. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन मी ते पुसत बसे आणि बायको वरून विचारी, झाली का देवांची आंघोळ?

बटण दाबलं की मागच्या काचेवर पाण्याचा फवारा उडायला हवा. आमच्या गाडीत तो उडत नसे, नुसतं पाणी झिरपे. मग मी बटण जास्त वेळ दाबून धरायचो. पहिल्या सर्व्हिसिंगला तक्रार केली तर तिथल्या माणसाने ओघळावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “भिया, बोरिंग का खारा पानी है. आरओ का डालो.” मी आरओचं पाणी भरलं, वर शाम्पूचं एक झाकण ओतलं. डाग गेले नाहीत, आता त्यांना सुवास तेवढा यायला लागला.

गाडी घेतली होती आईसाठी. वडील गेल्यापासून ती देवासला आमच्याकडे असते. पण धारच्या एका लहानशा गणपतीच्या देवळात संकष्टीचा नैवेद्य आमच्या घराण्याकडे आहे, आणि तो आईच्या हातचाच लागतो. माझी ताई धारलाच राहते. संकष्टीला दुपारी निघायचं, ताईकडे स्वयंपाक, चंद्रोदयाला नैवेद्य, रात्री मुक्काम आणि सकाळी परत, असा आमचा शिरस्ता. आई घरूनच सोवळ्यात निघते. वाटेल त्या माणसाने बसलेल्या सीटवर सोवळ्यात कसं बसायचं? म्हणून ती मागच्या डाव्या सीटवर आपल्या धाबळीची चौघडी घालते. लोकरीला विटाळ नाही, हे तिच्या सासूने सांगितलेलं. दाराकडच्या कोपऱ्यात टेकून, फिरकीचा तांब्या मांडीवर धरून ती बसते, आणि बायपासवरच्या ट्रकांना मनातल्या मनात नावं ठेवत असावी असा तिचा चेहरा असतो.

कार्तिकातली संकष्टी करून आम्ही परतलो. आई उतरली, मी धाबळी झटकायला उचलली. खालचा पदर ओला होता. ओल्या लोकरीला एक उग्र वास येतो, तो हाताला लागला. खाली सीटच्या कोपऱ्यात तळव्याएवढा ओला डाग होता, कडेने पांढुरका. मी काही बोलायच्या आत आईने धाबळी माझ्या हातातून ओढून घेतली.

“दे इकडे. सोवळ्याची आहे ती.”

मला मावशी आठवली. आईची थोरली बहीण. तिचं आधी अंथरूण ओलं व्हायला लागलं. मग ती नावं विसरली. मग एके दिवशी माझ्या आईलाच तिने विचारलं, तुम्ही कुणाकडच्या? तिचं सगळं आईनेच केलं होतं, शेवटपर्यंत. तेव्हा ओल्यापासून सुरुवात होते आणि कुठे जाऊन थांबते, हे आमच्या घरात सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असेल तर ते आईला.

आमच्याकडे असल्या गोष्टी बोलत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजोबांच्या वेळी दरबारी नोकरी होती, ती गेली, पण दरबारी तोंड मात्र आमच्याकडे राहिलं: बघायचं सगळं आणि दिसलं नाही असं वागायचं. पुढच्या संकष्टीनंतर सीट पुन्हा ओली निघाली. त्याच्या पुढच्याही. मी दरवेळी आईची पाठ वळली की हात लावून बघायचो आणि दरवेळी हात ओला व्हायचा. खाली वाकून वास घ्यावा, असं एकदाही मनात आलं नाही. आईच्या बसल्या जागेचा वास मुलाने घ्यायचा? लोकरीचा वास आला होता, तेवढा पुरे होता.

एका संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती इंदूरची, आमच्याहून मोकळी. म्हणाली, “उम्र है, होतंच. टेंशन नका घेऊ.” पण तिचाही चेहरा उतरला होता. तिने बाजारातून तान्ह्या बाळाखाली घालतात तसलं रबर आणलं, सीटवर अंथरलं आणि वरून छान फुलाफुलांचं कव्हर शिवून घातलं. दिसायला देखणं झालं. आई बसली तेव्हा खाली किंचित करकर वाजलं. आईने खाली बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. आम्हीही पुढे बघितलं.

त्या दिवशी सीट आणखी ओली निघाली. त्या प्रवासात तिने पहिल्यांदाच तांब्या बरोबर घेतला नव्हता, ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

मग माघात आईने जाहीर केलं की यापुढे संकष्टी निर्जळी करणार. चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंब नाही. ताईने फोनवर तिचं कोण कौतुक केलं. या वयात एवढी निष्ठा म्हणजे मोठीच गोष्ट. मीही ऑफिसात दोघांना सांगितलं. बायको एकटी म्हणाली की बीपीची गोळी घेणाऱ्या बाईने असं करू नये. पण देवाच्या गोष्टीत सुनेने किती बोलायचं, म्हणून तीही गप्प बसली. थोड्या दिवसांनी आमच्या लक्षात आलं की आई संकष्टीच्या आदल्या दिवसापासूनच पाणी टाळते. मी विचारलं तर म्हणाली, व्रताची तयारी.

मला रात्री झोप लागेनाशी झाली. आई एखादं नाव आठवायला थांबली तरी माझ्या छातीत धडधडायचं. भाजीत मीठ कमी पडलं, धडधड. चष्मा शोधत फिरली, धडधड. एकदा तिने मला चुकून माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. ते ती जन्मभर करत आली आहे, पण त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. आणि या सगळ्यात रोज सकाळी मागची काच मात्र मी घासूनपुसून लखलखीत करत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चैत्रातल्या संकष्टीला ऊन कडक होतं. घाटाबिल्लोदच्या पुढे गव्हाच्या भुशाने भरलेली ट्रॉली कितीतरी वेळ पुढे चालली होती आणि तिचा भुसा गाडीभर बसत होता. मी सारखं मागचं बटण दाबत होतो आणि आरशात आई दिसत होती. ओठ कोरडे, डोळे मिटलेले. मला वाटलं, जप चालला आहे. देवळात नैवेद्याचं ताट खाली ठेवताना ती वाकली ती तशीच कलंडली. ताट वाजलं. ताई किंचाळली. आईचा हात हातात घेतला तर सुकलेल्या पानासारखा लागला आणि तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखून पाहिलं असं मला वाटलं नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, अंगात पाणी उरलेलं नाही, या पाणी पीत नाहीत का? ताईने व्रताचं सांगितलं. डॉक्टर माळव्यातलेच, त्यांनी फक्त हात जोडले आणि म्हणाले की माताजींचा गणपती समजूतदार आहे, त्याला कळेल. आई शुद्धीवर आली, सगळ्यांना ओळखलं. मग तिला ताईकडे आणली, आणि तिचे कपडे, औषधं आणायला मी एकटा देवासला निघालो.

परत येताना पिशवी मी सवयीने मागे डाव्या सीटवर ठेवली. रस्त्यात पुन्हा भुशाच्या ट्रॉल्या, पुन्हा धूळ, पुन्हा माझं बटण. ताईच्या दारात गाडी लावली आणि पिशवी उचलली. पिशवीचा तळ ओला होता.

मी तसाच उभा राहिलो. गाडीत कुणी नव्हतं. आईची जागा ओली होती आणि आई गाडीत नव्हती. मी शिकलेला माणूस आहे, पण त्या वेळी माझ्या मनात आलं ते सांगतो: आई गेली. आत्ता, मी वाटेत असताना गेली, आणि ही तिची खूण आहे. पाचावर धारण बसली. घरात जायची हिंमत होईना. कान देऊन ऐकत राहिलो, आतून रडणं येतंय का.

आतून कुकरची शिट्टी आली. आणि माझ्या मनगटावर वरून एक थेंब पडला.

मी मनगट नाकाशी नेलं. शाम्पूचा वास होता. छताचं कापड दाराच्या वर, आईच्या टेकायच्या कोपऱ्यात, फुगलेलं होतं. मी पुढे जाऊन बटण दाबून धरलं आणि मान वळवून बघितलं. मागच्या काचेवर एक मरतुकडा ओघळ उतरला. उरलेलं सगळं पाणी छताच्या आतून, दाराच्या खांबाच्या प्लास्टिकमागून, गुपचूप खाली आलं आणि सीटच्या कोपऱ्यात पसरलं. पाण्याची टाकी पुढे बॉनेटखाली, काच मागे. मधली नळी छतातून जाते हे मला माहीतच नव्हतं. ती नेमकी आईच्या डोक्यावर सुटली होती. धूळ जितकी जास्त तितकं मी बटण दाबायचो, आणि जितकं दाबायचो तितकी आई ओली व्हायची. रबर घातल्यापासून तर पाणी मुरायचंही थांबलं होतं, वरच साचत होतं.

सीट ओली दिसल्यावर सर्व्हिसिंगवाल्याकडे परत जाऊन मी नुसतं एवढं जरी म्हणालो असतो की आत सीटही ओली होते, तर तिथेच उलगडा झाला असता. पण ते चारचौघांत कसं म्हणायचं?

आई ताईच्या खोलीत पलंगावर बसली होती. उशाशी पाण्याचं भांडं, झाकलेलं. मी ओली पिशवी तिच्यापुढे ठेवली. मला हसू येत होतं. सगळं एका दमात सांगितलं: नळी, छत, बटण, शाम्पू. शेवटी म्हणालो, “आई, गाडी गळते गं. तू नव्हतीस.”

ताई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

आई पिशवीच्या ओल्या तळावरून हात फिरवत राहिली. मग हात नाकाशी नेला, जे मी इतक्या महिन्यांत केलं नव्हतं.

“मला आधी वाटलं, फिरकीचा तांब्याच पाझरतोय,” ती म्हणाली. “म्हणून तो घरी ठेवला. मग तुम्ही रबर घातलंत.”

तिला स्वतःवर संशय नव्हताच. तो आम्ही तिच्या खाली अंथरला होता, वर फुलाफुलांचं कव्हर घालून. आणि त्या करकर वाजणाऱ्या रबरावर बसून ती दर महिन्याला मावशीकडे थोडी थोडी जात होती, एकटी, कुणाला न सांगता. माझी भीती मी निदान बायकोला तरी सांगितली होती.

मी भांड्यावरचं झाकण काढून तिच्यापुढे धरलं. तिने दोन घोट घेतले आणि भांडं खाली ठेवलं. ताई म्हणाली, आणखी पी की. आई म्हणाली, पिते, घाई काय आहे.

नळी दुसऱ्याच दिवशी जोडून घेतली. छताचं कापड सुकलं, मागच्या काचेवर आता छान फवारा उडतो आणि ओघळही येत नाहीत. रबर बायकोने काढून फेकून दिलं. सीटच्या कोपऱ्यातली ती पांढुरकी कड तेवढी कशानेच गेली नाही. धाबळी घातली की ती दिसत नाही. निर्जळी व्रत आईने डॉक्टरांच्या नावावर सोडलं आणि तांब्या पुन्हा मांडीवर आला. वाटेत ती पाणी पिते, बेटम्याच्या अलीकडे गाडी थांबव म्हणून मोकळेपणी सांगते. सगळं नीट आहे.

मी आता सीटला हात लावून बघत नाही. तशी वेळच येत नाही. घरी पोचलो की आई उतरते, धाबळी उचलून खांद्यावर टाकते, मग वाकून सगळ्या सीटवरून तळहात फिरवते, कोपऱ्यातही. मी पुढे आरशात बघत असतो हे तिला ठाऊक असतं.

“कोरडी आहे,” ती म्हणते, आणि दार लावते.