प्रेस शॉपची कान तपासणी

प्रेस शॉपमधल्या झाडून सगळ्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले निघाले, तेव्हा आधी मला आनंदच झाला. माझा स्वभाव तसा संशयी, पण स्वतःच्या कामाचं कौतुक समोर आलं की संशय कुठे पळतो कोण जाणे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी प्रशिक्षण आणि सुरक्षा विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि पोस्टरांनी भरलेलं कपाट. कारखान्यात विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे भाग बनत. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, दिवसभर पत्र्यावर ठोके पडायचे, तिथे बोलण्यात अर्थच नव्हता. चहा आला, साहेब आले, माल संपला, सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. मी कानात घालायच्या बोळ्यांचे डबे वाटले होते, त्यावर दोन तास व्याख्यान दिलं होतं. मग हट्टाने कान तपासणी मंजूर करून घेतली.

कँटीनमागच्या कोठीत ब्लँकेटं टांगून शांत खोली केली. बाहेरून एक तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला. कामगाराने कानाला हेडफोन लावायचा आणि शिट्टीसारखा बारीक आवाज आला की बोट वर करायचं. रांग दाराबाहेर. निकाल असे की पंधरा वर्षं प्रेसवर काढलेल्यांचे कान तान्ह्या बाळासारखे. थोडा दोष निघाला तो फक्त माझ्या डाव्या कानात.

मी कागद घेऊन वर्क्स मॅनेजरांकडे मिरवत गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अभिनंदन. आता एक करा. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातल्या कुणाला तरी मागून हाक मारा."

प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. इगतपुरीकडचे. दर वर्षी भाताच्या आवणीला, रोपं लावायला, हक्काने रजा घेणारे आणि एरवी एक दिवसही न चुकवणारे. निम्म्या प्रेस शॉपला त्यांनीच काम शिकवलेलं. ते झाडाखाली डबा खात बसले होते. मी चार पावलांवर मागे उभी राहून म्हटलं, "मामा, चहा घेता का?" पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडले. मामा शांतपणे भाकरी मोडत राहिले.

माझा पारा असा चढला की विचारू नका. कोठीत जाऊन तंत्रज्ञाच्या खुर्चीवर बसले, तेव्हा कळलं. यंत्रावर आवाज सोडला की एक लाल दिवा लागायचा. दाराला काच होती. रांगेतला पुढचा माणूस सारखा मिशीवरून बोट फिरवताना मी पाहिला होता, त्याचा अर्थ आता लागला: काचेतून तो दिवा बघून तो आतल्याला खूण करायचा. आतला माणूस त्याच्याकडे बघून बोट वर करायचा. तंत्रज्ञाची पाठ दाराकडे. बरं, माझी तपासणी झाली तेव्हा दाराशी कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना उभं करून फैलावर घेतलं. ही युक्ती कुणाची, म्हणून विचारलं. सगळे आपापल्या प्रेसकडे वळले. दुपारी मामाच माझ्या टेबलापाशी आले. मी मोठ्याने आणि तोंडासमोर बोलायचं ठरवलं होतं.

"मीच सांगितलं पोरांना," ते म्हणाले. "माझ्या नोकरीवर घाला घालू नका. मशीन सोडायचं नाय मला."

"मशीन सोडायला कोण सांगतंय?"

"आधीच्या कंपनीत आमच्या एकाचे डोळे तपासले. कमी दिसतंय म्हणले. दुसऱ्या दिवशी हातात झाडू. ज्यांला त्यानं काम शिकवलं, त्यांच्याच पायाशी झाडत व्हता. मी बघितलंय ना, ताई."

तपासणीचा फॉर्म मीच तयार केला होता. त्यात वय होतं, खातं होतं, सवयींचे रकाने होते. दोष निघाला तर त्या माणसाचं पुढे काय, हे मात्र कुठेही नव्हतं. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं, आणि याची मला मनापासून लाज वाटली.

मी तडक वर्क्स मॅनेजरांकडे गेले. कान कमी निघाला म्हणून कुणालाही मशीनवरून काढणार नाही, असं लिहून द्या म्हटलं.

"लिहून कशाला? माझा शब्द आहे."

"साहेब, त्यांना ऐकू येत नाही. वाचता येतं."

ते बराच वेळ हसले आणि मग त्यांनी सही केली. पत्रकात मी आणखी एक ओळ घुसवली, की धोक्याच्या भोंग्याबरोबर प्रत्येक प्रेसवर दिवाही लागेल. तीही त्यांनी चालवून घेतली. पत्रक फलकावर लागलं. मामांनी ते दोनदा वाचलं, सहीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. इथेच सांगून टाकते, दोन हजारनंतर ते निवृत्त झाले ते त्याच प्रेसवरून, आणि तोवर नव्या मुलांच्या कानात बोळे आहेत की नाहीत हे तेच दरडावून बघत असत. माझ्या व्याख्यानापेक्षा ते दरडावणं कितीतरी उपयोगी पडलं.

पण परत तेव्हाचं सांगते. काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि तपासणी पुन्हा घेतली. मामा पहिले बसले. मी कोपऱ्यात उभी होते. लाल दिवा लागत होता, विझत होता. मामांचं बोट गुडघ्यावरच. त्यांची नजर सवयीने दाराकडे गेली आणि परत आली. बऱ्याच वेळाने एकदा बोट वर झालं. मग आणखी एकदा.

हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "किती वेळा वाजलं?"

तंत्रज्ञाने सांगितलं. मामांनी हेडफोन मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला दोनच आले." आणि पुढे, तंत्रज्ञाला नाही, मला, "मला वाटायचं बायकोच आताशा बोलत नाय माझ्याशी. ती म्हणते, मीच लक्ष देत नाय. किती वर्सं चाललंय आमचं."

मग त्यांनी निकालाच्या कागदाकडे बोट केलं.

"हा कागद घरी नेऊ द्याल का?"

नियमाने कागद फाइलमध्ये ठेवायचा होता. मी त्याची प्रत काढून दिली. त्यांनी ती घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशीच मी त्यांना गाठलं. अगदी समोर उभी राहिले आणि विचारलं, "दाखवला कागद? काय म्हणाल्या?"

"लय बोलली," मामा म्हणाले. "निम्मं नाय कळलं. पण जवळ येऊन बसली व्हती."