सांध्यातून शिरणारी हवा

माझा देवावर विश्वास होता, पण तो मोजूनमापून होता, हे आज कबूल करतो. रोज एकशे आठ वेळा दत्ताचं नाव. एक कमी नाही, एक जास्त नाही. पुठ्ठ्याच्या एका छोट्या वहीत त्याची नोंद. एवढं झालं की आपल्या बाजूचं काम पुरं झालं, असं मनात कुठेतरी धरलेलं. रेल्वेच्या ऑफिसात गाड्यांच्या वेळा जुळवण्यात माझी उमर गेली. कदाचित त्याचाच हा परिणाम. सायकलीला बसवलेल्या छोट्या इंजिनाशीही मी असाच वागत असे. दर गुरुवारी पूजा आटोपली की नगरा या वस्तीतल्या घराच्या ओट्यावर बसून पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उतरवायचा, पेट्रोलने धुवायचा, त्यातल्या पेट्रोलच्या जेटच्या बारीक भोकातून उजेड दिसतो का पाहायचं, आणि परत लावताना दोन्ही नट पान्याने करकचून आवळायचे. बायको म्हणायची, "अहो, देवाची भांडी कधी इतकी घासली नाहीत!"

एवढी सेवा करूनही चैत्रापासून इंजिन बिघडलं होतं. थंड असताना नीट सुरू व्हायचं. तीन-चार मैल गेलं की वेगाची मूठ पूर्ण सोडली तरी आपोआप जोरात फिरायचं, आणि मग धापा टाकत बंद पडायचं. हवेची झडप अर्धी लोटली तर जरा वेळ चालायचं. प्लग काढून पाहिला की टोक पांढरंफटक. म्हणजे पेट्रोल कमी पोचतं आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि आठवड्यातून दोनदा सफाई सुरू केली. बिघाड वाढतच गेला. नियमाने वागणाऱ्याच्या वाट्याला हे का, असा प्रश्न मी देवापुढेही एकदा ठेवला होता.

वैशाखात एका सकाळी बरुआसागरच्या स्टेशन मास्तरांनी रेल्वेच्या फोनवरून ऑफिसात निरोप दिला. माझ्या अक्काला न्यूमोनिया झाला होता. तिथल्या डॉक्टरांकडचं पेनिसिलिन संपलं होतं, दुपारपर्यंत ते पोचायला हवं होतं. आई गेल्यावर मला अक्कानेच वाढवलं. सदर बाजारात औषध हाती पडेपर्यंत बारा वाजले. पॅसेंजर तासाभरापूर्वीच सुटली होती, आणि दुसरी गाडी थेट संध्याकाळी. अंतर तेरा मैलांचं. मी इंजिन चालू केलं आणि निघालो.

ओरछ्याचा फाटा मागे पडला आणि इंजिनाने नेहमीचा खेळ केला. जोरात घुमलं, बंद पडलं. पॅडल मारत अर्धा मैल गेलो. ते धूड ओढताना छातीत कळ यायला लागली. दोन ट्रक हात दाखवूनही थांबले नाहीत. महुआच्या झाडाखाली सायकल उभी केली, जेट काढून फुंकला. स्वच्छ होता. पुन्हा लावला, इंजिन दोन मिनिटं चाललं आणि बंद पडलं. माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. डोळे मिटून नाम घेऊ लागलो आणि सवयीने मोजूही लागलो. चाळीसच्या पुढे कुठेतरी आकडा चुकला, कारण झाडाच्या पलीकडून कुणी तरी बोललं, "बाबूजी, तुमाई मशीन कहूँ से साँस चुराउत है."

खोडाला टेकून एक म्हातारा बसला होता. बाजूला कापडात बांधलेली हार्मोनियम. बाजे दुरुस्त करणारा होता. बरुआसागरचं काम संपवून ओरछ्याला पायी निघाला होता. इंजिन आपण कधी उघडलं नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. पण भात्याची हवा कुठून निसटते ते कानाने ओळखण्यात जन्म गेला, आणि हा आवाज तसलाच आहे, म्हणाला. त्याने इंजिन चालू करायला सांगितलं, कान जवळ नेला, आणि पिशवीतून उदबत्ती काढून काडी ओढायला निघाला. गळती तो धुरावरून शोधत असे.

"अरे भैया, पेट्रोल है! दोनों उड़ जाएँगे!" मी ओरडलो.

"तो पानी से देख लेत," तो हसला. "हमें अबे ओरछा जाने है, ऊपर नईं."

कार्बोरेटर जिथे इंजिनाच्या नळीला जोडतात त्या सांध्यावर त्याने बोटाने पाण्याचे थेंब सोडले. एका कोपऱ्यात थेंब पडला मात्र, सांध्याने तो आत ओढून घेतला आणि इंजिनाचा आवाज त्याच क्षणी उतरला. पुन्हा थेंब, पुन्हा तेच. मी थक्क होऊन पाहत राहिलो. खरं सांगतो, पळभर अक्कालाही विसरलो. पेट्रोल कमी नव्हतं, हवाच जास्त होती. पांढरा प्लग दोन्हीकडे बोट दाखवत होता, मी एकच बाजू पाहिली.

कार्बोरेटर उतरवला. नट बसतात ते सांध्याचे दोन्ही कान आवळून आवळून वाकले होते, हवा अडवणारा मधला कागद फाटला होता.

"इत्तो कौन ने कसो? कोनऊ बैरी है का?"

"हमने ही," मी म्हणालो.

"आरती सोई ऐसई कस कें करत हो, बाबूजी?"

देवाची आरतीही मी अशीच आवळून करतो का, असं तो विचारत होता. लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर बारीक सँडपेपर ठेवून तो ते कान घासून सरळ करू लागला. नव्या कागदाची गरज होती. त्याच्याजवळचं चामडं पेट्रोलात टिकलं नसतं. माझ्या खिशात नामाच्या नोंदीची ती वही होती, सात वर्षांची. तिचा पुठ्ठा मी फाडून त्याच्या हाती दिला. त्याने सुरीने तो मापाला कापला आणि दोन बोटांनी नट बसवले: थोडा हा, थोडा तो. मी पाना पुढे केला तर त्याने अगदी शेवटचा एक हलका पीळ दिला आणि परत केला. "बस. अब जा अपने आप बैठ जैहै." बाकीची जोडणी आपली आपण बसेल, असं त्याचं म्हणणं.

इंजिन सुरू झालं. मूठ सोडली तसं शांत झालं, एका लयीत टिकटिकत राहिलं. काही देऊ लागलो तर त्याने हात जोडले आणि पेटी डोक्यावर घेतली. पुढे दोनदा ओरछ्याला जाऊन मी त्याची चौकशी केली. तो भेटला नाही. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. बाजे दुरुस्त करणारा माणूस होता. माझा आकडा चुकला तेव्हा तो बोलला, इतकंच मला ठाऊक आहे.

पावणेतीनला पोचलो. भाची दारातच होती. "मामाजी, आलात! डॉक्टर साब बसलेच आहेत." डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, उद्या सकाळपर्यंत काही म्हणता येणार नाही. पूर्वीचा मी असतो तर किती माळा म्हणजे किती गुण, याची मांडणी केली असती. त्या दिवशी अक्काच्या उशाशी नुसता बसून राहिलो. नाम आपोआप येत होतं, जात होतं. किती झालं ते ठाऊक नाही. माझ्या हातून व्हायचं ते झालं होतं, बाकीचं माझ्या हातात नव्हतं, आणि याची भीती वाटत नव्हती. आयुष्यात असं पहिल्यांदाच वाटलं. ही कृपा मी औषधाहून लहान मानत नाही.

पहाटे अक्काला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. तिने डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, "भाऊ, जेवलास का रे?"