हौसाचं सांगायचं राहिलं

हौसा पोरांच्या हातावर आधी लेंडी ठेवायची. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. कर्जत तालुक्यातल्या आमच्या काळविटांच्या अभयारण्याशी सहलीची बस थांबली, पोरं रांगेत उभी राहिली, की ही ओच्यातून वाळलेल्या लेंड्या काढायची आणि पहिल्या पोराच्या तळहातावर एक टेकवायची. पोरगं "शीऽऽ" करून हात झटकायचं. बाकीची खिदळायची. मग ही म्हणायची, "शी कशाला? काळवीट रोज एकाच जागी लेंड्या टाकतो. म्हंजी काय, 'हितनं पुढं माजं रान' आसं लिवून ठिवतो. ही त्याची पाटी हाय. मला तुमची पाटी वाचता येत न्हाई, तुमाला माजी येत न्हाई. फिटंफाट!"

मी हे सगळं फाटकासमोरच्या माझ्या टपरीतून बघायची. चहा, पोहे, वडे. शाळेत मी कधी गेले नाही. अक्षरं शिकले ती बसवरची नावं वाचून आणि वडे बांधायच्या रद्दीतून. त्यामुळे लिहिते तेही बोलल्यासारखंच होतं, गोड मानून घ्या.

हौसा वनखात्याची रोजंदारीवरची मजूर. पाणवठ्यात पाणी सोडायचं, वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे काढायचे, हे तिचं काम. पोरांना रान दाखवायचं काम आधी एका साहेबांचं होतं. त्यांची बदली झाली, जागेवर कुणी आलंच नाही, आणि एक दिवस नेवाशाकडची पोरं उन्हात ताटकळत उभी राहिलेली बघून ही खुरपं टाकून पुढं झाली. त्यानंतर बारा-तेरा वर्षं तिनंच दाखवलं. "रानात डोळं मोटं न् तोंड बारीक," असं दरडावून आत न्यायची. एखादं पोरगं विचारायचंच, "मावशी, वाघ आहे का?" त्यावर हिचं उत्तर ठरलेलं. "वाघ बघायचाय व्हय? घरी आई चिडल्यावर बघ की."

पण तिचं खरं शिकवणं तरवडाच्या झुडपापाशी व्हायचं. तिथं ती सगळ्यांना खाली बसवायची आणि आवाज उतरवून सांगायची, "हरनीचं तान्हं पाडस गवतात एकटंच निपचित पडल्यालं आसतं. कान सुदिक हालवत न्हाई." एवढं बोलून थांबायची. पोरांची तोंडं बारीक होऊ द्यायची. मग पुढचं सांगायची, "पर ते टाकल्यालं नसतं बरं का. आई लांब हुबी आसती. ती जवळ थांबली तर कोल्ह्याला ठिकाना कळंल, म्हनून लांब. हात लावायचा न्हाई." पोरं हुश्श करायची. ते मधलं थांबणं तिला फार आवडायचं. "तिथं जरा कळ आली पायजे, आक्का, म्हंजी ध्यानात ऱ्हातं," म्हणायची.

त्याच थांबण्यानं घात केला.

थंडी सरत आली होती. नगरहून चौथीची पोरं आली होती. इथून राशीनची देवी, मग सिद्धटेकचा गणपती, असा त्यांचा दिवस बांधलेला. हौसा तरवडापाशी "कान सुदिक हालवत न्हाई" म्हणून थांबली, आणि त्यांच्या बाईंनी घड्याळ बघून टाळी वाजवली. "चला चला, उठा, नाश्ता राहिलाय!" पोरं उठली. हौसा मागून बोलली असेल काही, पण उठलेल्या पोरांना कुणाचं ऐकू येतं?

माझ्या टपरीवर सगळी पोह्यांवर तुटून पडली. एक दोन वेण्यांची मुलगी तेवढी बाजूला उभी. ऊन चढलेलं, तरी स्वेटरचं बोचकं छातीशी धरलेलं. मला म्हणाली, "आजी, थोडं दूध मिळेल का?" मला वाटलं, चहा पीत नसेल लेकरू. मी कपात दूध दिलं. वर म्हटलं, "गरम आहे गं, जपून." विचारलं नाही, की बाई, स्वेटरात काय आहे. एवढं आयुष्य लोकांच्या पोरांना खाऊ घालण्यात गेलं आणि त्या दिवशी मी विचारलं नाही.

बस गेल्यावर हौसा चहाला आली. मी आपलं सहज म्हटलं, "आज एकीनं दूध मागितलं. पोह्याला हातसुद्धा लावला नाही." हौसाचा कप ओठाशीच थांबला.

"हातात काय हुतं तिच्या?"

"स्वेटर."

"आगं आई गं!" कप तिथंच आपटून ती रानात पळाली आणि तशीच परत आली. तोंड पांढरंफटक. "तरवडाखाली गवत दबलंय. हरनी टेकाडावर हुबी हाय, पाय आपटतीया. मगापासनं आपटत हुती, मला वाटलं पोरांना बुजली!"

दूधवाले आप्पा किटल्या उतरवत होते. हौसा जन्मात मोटारसायकलवर बसली नव्हती. आप्पांच्या मागं बसली, त्यांचा सदरा मुठीत धरला न् म्हणाली, "राशीन. हान!"

राशीनला देवळापाशी बस सापडली. तिथलं मला आप्पांनी सांगितलं. बाई पोरीवर ओरडायला लागल्या, पोरगी हुंदके देत म्हणाली, "ते एकटं होतं. मावशीच म्हणाल्या एकटं असतं." हौसानं तिला पोटाशी धरलं. "तुजी न्हाई चूक, बाळा. माजं सांगायचं राहिलं."

दोन वाजता ती पाडस घेऊन आली. मुठीएवढं तोंड, त्याला माझ्या दुधाचा वास. तिनं त्याला माती चोळली, लेंड्या चुरून चोळल्या, दुधाचं तोंड धुळीनं पुसलं, माणसाचा वास जावा म्हणून जे सुचेल ते केलं. त्याच तरवडाखाली ठेवलं. मग आम्ही दोघी लांब बोरीच्या आडोशाला बसलो.

हरणी आली. वीसेक पावलांवर येऊन थांबली, नाक वर केलं, आणि मागं फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. हौसा पुटपुटत होती, "घे की गं. घे की बाई. पाया पडते तुज्या." ती खरंच जमिनीला कपाळ लावत होती. मी तिला आवरू लागले, तेव्हा ती आपल्या मुलाचं बोलली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

दत्ता सुप्याला कंपनीत आहे, आईकडं येत नाही, एवढं मला माहीत होतं. "नवरा गेला तवा मी ऊस तोडायची, आक्का. फडात ठिवलं आसतं तर त्याच्या बी हातात कोयता आला आसता. आठ वर्साचा हुता, नगरला वसतिगृहात टाकला. तोडीवरनं आले की दर आयतवारी जायची. समोर लिंब हुता, त्याच्या आडनं बघायची. त्याला दिसले आसते तर रडून माज्यामागं आला आसता. तो म्हनतो, तू मला टाकून गेलीस."

"मग सांग की त्याला!"

"आता काय सांगू?" तिनं हरणीकडं हात केला. "परका वास लागला की आई घेत न्हाई. लेकराला लागला तर लेकरू बी घेत न्हाई."

दिवस मावळताना गार्डनं आम्हाला बाहेर काढलं. सकाळी फटफटताच आम्ही गेलो. पाडस तिथंच होतं, निपचित, कान न हलवता. मी म्हटलं, "आहे गं, आहे!" हौसाला लांबूनच कळलं होतं. मुंग्या लागल्या होत्या.

वनखात्याच्या मोठ्या साहेबांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी पोरांबरोबर जायला मनाई केली. मजुरी तेवढी राहिली. पुढच्या सहली पाट्या वाचून, सेल्फी काढून परत जायच्या. आणि हौसा? बस आली की हातातलं काम टाकून कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभी राहायची आणि ओरडायची, "पोरांनो, आई लांब हुबी आसती! टाकल्यालं नसतं! हात लावू नगा!" पुढचं-मागचं काही नाही, एवढंच. पोरं हसायची. एका गुरुजींनी मला विचारलं, "ही बाई बरी आहे ना?" मी तिला हाताला धरून आणायची, ती पुढच्या बसला पुन्हा जाळीपाशी.

गेल्या चैत्रात पाणवठ्यात पाणी सोडता सोडता ती काठावर बसली, ती बसलीच. पाणी वाहून रस्त्यापर्यंत आलं तेव्हा आम्हाला कळलं.

दहाव्याला दत्ता आला. आईसारखंच रुंद कपाळ. विधी उरकून माझ्या टपरीवर येऊन उभा राहिला.

"तुमच्याकडंच असायची ना ती?"

"असायची. चहा घे."

"लोक सांगतात, बस आली की ओरडायची." तो कपाकडं बघत राहिला. "शेवटी डोक्यावर परिणाम झाला होता का, मावशी?"

मी हातातली किटली खाली ठेवली. एकदा मी विचारलं नव्हतं, नुसतं दूध दिलं होतं. आता नुसता चहा देऊन ह्याला जाऊ देऊ?

"तुझ्या वसतिगृहासमोर लिंबाचं झाड होतं का रे?"

"होतं. मोठं होतं." त्यानं मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

मी स्टोव्ह बंद केला, बाकडं पदरानं पुसलं.

"खाली बैस, बाळा," मी म्हटलं. "अर्धंच ऐकलंयस तू."