बाप आणि लेक, पात्रं दोन

कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून कळंब्यापर्यंत ज्या ज्या घरात विजेचं मीटर होतं, त्या प्रत्येक घराला माझ्या वडिलांच्या एका मित्रानं, म्हणजे आमच्या काकांनी, कधी ना कधी एकांकिका सुचवलेली होती, असं मी म्हटलं तर ते फार तर दोन-चार घरांनी खोटं ठरेल. काका मीटरचं रीडिंग घ्यायचे. म्हणजे पगार त्याचा मिळायचा. खांद्याच्या पिशवीत रीडिंगचं बुक, बॅटरी आणि जेवणाचा डबा, आणि या सगळ्याच्या खाली दोन-तीन दिवाळी अंक नाहीतर एकांकिकांची पातळ पुस्तकं असायची. आकडा लिहून झाला की बॅटरी विझवायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि घरात नजर टाकून विचारायचं, "माणसं किती हाईसा?" नव्या बिऱ्हाडाची बाई घाबरायची. तिला वाटायचं, हा आता रेशनकार्ड मागतोय. ती चाचरत "पाच" म्हणाली की काकांचा पुढचा प्रश्न तयार असायचा, "त्यातली बोलणारी किती?" आणि मग, "एक लई चांगली हाय, चार माणसांची. यंदाच्याच अंकात आलीया. गणपतीत बसवा." अंक तिथेच उंबऱ्यावर ठेवून काका पुढच्या घरी जायचे. पुढच्या महिन्यात रीडिंगला आले की आधी अंकाची चौकशी, मग मीटरची.

डॉक्टरनं औषध द्यावं तशी ते एकांकिका द्यायचे, आणि माणूस बघून द्यायचे. पेठेतल्या एका तालमीला त्यांनी अशी एकांकिका सुचवली होती की जिच्यात पहिली दहा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. "न बोलता नुसतं हुबं ऱ्हायाला नटांना जमत न्हाई, तुमच्या पोरांना जमतंय," असं त्यांचं म्हणणं. तालमीच्या वस्तादांनी ती चार दिवस वाचली आणि काकांना बोलावून विचारलं, "पावणं, ह्यात कुस्ती कुठं हाय?" काका म्हणाले, "मनात हाय." वस्तादांनी पुस्तक परत दिलं नाही, ठेवून घेतलं, एवढंच मला ठाऊक आहे.

त्यांचे दोन नियम होते. एकांकिका चाळीस मिनिटांच्या आत संपली पाहिजे आणि लेखक हयात पाहिजे. जुन्या मोठ्या नाटककारांचं नाव काढलं की ते हात जोडायचे, मनापासून जोडायचे, आणि म्हणायचे, "थोर माणसं. पर चुकलं तर पत्र कुणाला टाकायचं?" ते खरोखर पत्रं टाकायचे. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या, पंचविशी-तिशीतल्या लेखकांना त्यांची पोस्टकार्डं जायची. एकाला त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या एकांकिकेत मीटरवाला दुपारी दोनला येतो. दोनला आम्ही जेवतो. बाकी उत्तम.' त्या लेखकानं पुढच्या प्रयोगापासून मीटरवाला अकराला आणला आणि तसं उलट टपाली कळवलं. ते कार्ड काका वर्षभर शर्टाच्या खिशात घेऊन फिरले. घामानं अक्षरं फुटली, तरी समोरच्याला दाखवून "वाच की" म्हणायचे आणि स्वतःच तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

मी बी. एस्सी. झाले त्या वर्षी आमच्या घराची पाळी आली. मला पुण्यात एका औषधं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. मी एकुलती एक. बाबा 'नको' म्हणाले असते तर मी भांडले असते. ते 'नको' म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. ऑफिसातून यायचे, हातपाय धुवायचे, आणि मी चहा समोर ठेवला की आईला म्हणायचे, "चहा ठेवलेला बघितला मी, म्हणून सांग तिला." आई बिचारी आम्हा दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडं सांगायची. काका आणि बाबा एकाच ऑफिसात, तेव्हा आमच्या घरचं हे काकांच्या कानावर आधीच गेलेलं होतं. बाबा टेबलावर बसून काम करायचे, काका दारोदार फिरायचे. एका रविवारी सकाळी काका घरी आले. पोहे होईपर्यंत त्यांनी आमचं हे टपालखातं बघितलं आणि पिशवीतून एक पुस्तक काढलं.

"दोन माणसांची हाय," ते म्हणाले. "बाप आणि लेक. तुमच्यात दोन्ही हाईत."

बाबा म्हणाले, "मला पाठांतर होत नाही."

"आता तरी कुठं बोलालाईस? पाठ केल्यावर तरी बोलशील."

बाबांनी पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. पण काका कच्चे नव्हते. आमच्या वसाहतीत बुद्ध जयंतीला दरवर्षी कार्यक्रम व्हायचा. विहाराबाहेरच्या फळ्यावर त्यांनी आदल्या दिवशी, शनिवारीच, सेक्रेटरींना गाठून एकांकिका जाहीर करून टाकली होती, कलाकारांच्या नावांसकट. बाबा संध्याकाळी फळा बघून आले, खुर्चीत बसले आणि आईला म्हणाले, "तिला विचार, पुस्तक कुठं ठेवलंय."

तीन आठवडे तालीम चालली. काका ट्रंकेवर बसायचे आणि पुस्तकावर बोट ठेवून एक-एक शब्द ऐकायचे. एकांकिकेत एक म्हातारा एसटी स्टँडवर मुलीला पोचवायला आलेला असतो आणि गाडी लागेपर्यंत तिला थोपवत राहतो. आमचं घरचं बोलणं बंदच होतं. मीठ हवं असलं तरी ते आईमार्फत यायचं, आणि पाचच मिनिटांनी बाबा माझ्या डोळ्यांत बघून पुस्तकातलं विचारायचे, "तुला इथे काय कमी आहे?" मी पुस्तकातलं उत्तर द्यायचे, "कमी काही नाही, म्हणूनच जातेय." मग दोघंही गप्प. काका बोटानं पुढची ओळ दाखवून म्हणायचे, "तिथं थांबायचं लिवलेलं न्हाई. म्हणा पुढं." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. तिचा कुकर दोनदा जळला.

जयंतीच्या दिवशी दिवेलागणीला प्रयोग झाला. वसाहत झाडून आली होती. ऑफिसातली माणसं होती, तालमीचे वस्ताद पहिल्या ओळीत मांडी घालून बसले होते. बाबांचं पाठांतर चोख झालं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेवट असा होता की गाडी लागते, मुलगी बॅग उचलते, आणि म्हातारा तिचा हात धरून म्हणतो, "थांब. पुढच्या गाडीनं जा." गाडी निघून जाते आणि अंधार होतो. मी बॅग उचलली. बाबा माझ्याकडे बघत उभे राहिले आणि काही बोलेनात. मला वाटलं, विसरले. विंगेतून काका कुजबुजले, "थांब." मग जरा मोठ्यानं, "थांब म्हण!" आणि मग सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं, "आरं, थांब म्हण की तिला!" बाबांनी विंगेकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून घसरलेला बॅगेचा पट्टा त्यांनी वर सरकवला आणि आमच्या घरात बोलतात तसे म्हणाले, "जा. गाडी सुटंल."

पुढे माझं वाक्य नव्हतं. मी म्हणाले, "पोचल्यावर पत्र टाकते."

"टाक," बाबा म्हणाले.

पडदा ओढायचं काम काकांचं होतं आणि ते विंगेत आ वासून उभे होते. त्यामुळे आम्ही दोघं तसेच स्टेजवर, आणि लोक टाळ्या वाजवतायत. शेवटी वस्तादच उठले आणि त्यांनी एका हिसड्यात पडदा ओढला. तो वरच्या तारेसकट खाली आला.

आम्ही मागं आलो तेव्हा काका बाबांसमोर उघडं पुस्तक नाचवायला लागले. "वाक्य बदललंस! लेखकाचं वाक्य बदललंस मर्दा! जित्या माणसाचं वाक्य हाय ते!"

बाबा टॉवेलनं तोंडाची पावडर पुसत होते. ते शांतपणे म्हणाले, "मग मी काय मेलोय व्हय?"

काकांनी पुस्तक मिटलं. मग आईकडे वळून म्हणाले, "वैनी, पाणी द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखकाला पोस्टकार्ड टाकलं. त्यात तक्रार होती की माफी, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. उत्तर काही आलं नाही. मी आठवड्याभरानं पुण्याला गेले. बाबा स्टँडवर आले होते, आणि त्या वेळी दोघांनाही बोलायला फारसं काही लागलं नाही.

त्यानंतर कोल्हापूरला जाणं सणासुदीपुरतं राहिलं. काका रिटायर झाले. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली, तशी वाचून दाखवणारी माणसं शोधत ते पेठेत फिरायचे. पुढे तेही थांबलं. बाबा गेले त्या वर्षी काका सुनेचा हात धरून आमच्या घरी आले होते आणि तासभर भिंतीला टेकून बसून परत गेले होते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. पुण्यातल्या एका नव्या मुलीनं लिहिलेली एकांकिका कॉम्प्युटरवरून छापून नेली होती. काका कॉटवर पडून होते. आवाजावरून ओळखलं. "नवीन काय आणलीस?" म्हणाले. मी वाचायला लागले. पहिल्या पानावर त्यांनी मला दोनदा अडवलं, एकदा उच्चारासाठी आणि एकदा लेखिकेचं वय विचारायला. मग गप्प झाले. तिसऱ्या पानाला त्यांची सून डोकावून म्हणाली, "झोपले वाटतं. राहू द्या आता." पण मध्येच सोडणं मला बरं वाटेना. मी हळू आवाजात शेवटपर्यंत वाचली, कागद नीट जुळवले आणि उठले.

"पोरी," काका डोळे न उघडता म्हणाले, "चांगली हाय. त्यातला म्हातारा तुझ्या बाबाला दे. त्येला जमंल."

बाबा आता नाहीत हे त्यांना आठवत नव्हतं, की आठवूनच ते तसं म्हणाले, हे त्या मिटलेल्या डोळ्यांवरून मला कळलं नाही. मी कागद त्यांच्या उशाशी ठेवले.

"व्हय काका," मी म्हणाले. "सांगते त्यांना."