क्रोमकाका आणि ओढ्यावरच्या म्हशी

आपल्या कोल्हापुरात पाण्यावर काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे तुमच्या आजोबांचे शाळासोबती, आमचे क्रोमकाका. गाड्यांच्या सुट्या भागांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवण्याचा त्यांचा छोटा कारखाना. त्या कामातून विषारी पिवळं पाणी निघतं. औषध घालून ते हिरवं करायचं, मग चुना घालून गाळ खाली बसवायचा आणि वरचं नितळ पाणी तपासूनच ओढ्यात सोडायचं, हा त्यांचा नित्यनेम. त्यामुळे जगातल्या प्रत्येक पातळ पदार्थाकडे ते संशयानंच बघत. आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या सदैव खिशात. माझ्या कढीत त्यांनी पट्टी बुडवली आहे. एका लग्नात पांढऱ्या रश्श्यात बुडवून, वर "गाळ बसला न्हाय अजून" असा शेराही मारला आहे.

रोज पहाटे मात्र ते दूधकट्ट्यावर एकाच गवळ्याकडे जात आणि समोर पिळलेलं धारोष्ण दूध उभ्याउभ्या पीत. त्याच्या म्हशी यांच्या कारखान्याखालच्या ओढ्यावर पाणी पितात. "माझी चूक आधी माझ्याच पोटात येऊ दे की," असं त्यांचं म्हणणं. दुधात पट्टी काही सांगत नाही हे ठाऊक असूनही ती बुडवत.

लेकीच्या साखरपुड्यात, ऐन ओटी भरताना, ते ताडकन उठून चालू लागले. चुना न घालताच टाकीची तोटी सोडून आलो, अशी त्यांना शंका आली होती. व्याही बघतच राहिले. तुमचे आजोबा आणि मी रिक्षानं मागे गेलो, तर हे रेशमी सदऱ्यात, गुडघाभर पाण्यात उभे, आणि उघडी छत्री नाचवून म्हशी हाकलताहेत.

"मालक, तहानल्यात की जनावरं," गवळी वैतागला होता.

"तहानू देत. प्याली तर मरतील."

"आन् तिकडं लेकीचा साखरपुडा?"

"ती काय हितं पाणी प्यायला येत न्हाय."

तेवढ्यात कामगारानं येऊन सांगितलं, तोटी बंदच आहे. तरी ओढ्यात वर-खाली पट्ट्या बुडवून झाल्यावरच त्यांनी म्हशींना वाट दिली. परतलो तेव्हा लेक पाटावर तशीच बसून होती. सासूबाईंना म्हणाली होती, "बाबांची पट्टी वाळू दे, मग भरा ओटी."

आता कारखाना तीच बघते. काकांचे गुडघे थकले, कट्ट्यापर्यंत चालवत नाही, म्हणून गवळीच किटलीतून दूध पोचवतो. परवा मी गेले तेव्हा त्यांनी पेला उचलला, सवयीनं खिसा चाचपला, आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"पाणी लेकीनं सोडलंय," म्हणाले, आणि दूध तसंच प्याले.

हे बघायला तुमचे आजोबा हवे होते.