बाबा पूल ओलांडून आले होते

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. देवचार, चकवा, गिऱ्हा… भुताखेतांचं हे सगळं लहानपणापासून ऐकत आले आणि त्यातलं काहीही कधी मानलं नाही. वर्गातली एखादी मुलगी 'बाई, पिंपळाखाली काहीतरी दिसलं' म्हणाली, तर मी तिला फळ्यापाशी बोलावून लांबलचक भागाकार घालायची. त्यामुळे हे वाचून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. हसू देत. दहा-बारा वर्षं मनात ठेवलं, आता लिहून टाकते.

आधी जागा सांगते. रत्नागिरी शहराच्या कडेला एका छोट्या खाडीवर जांभ्या दगडाचा पूल आहे. शाळेतून आमच्या घरी यायचं म्हणजे दोन-अडीच मैलांची चाल. बाजार मागे पडला की लाकडाची वखार, मग शिंपल्यांचा चुना भाजायची जुनी भट्टी, त्यापुढे एके काळी जिथे गलबतं बांधायचे तो ओसाड मांडव, मग पूल. पूल उतरलं की कौलांचा कारखाना — उंच चिमणीचा — आणि त्याच्या पलीकडे आमची वाडी.

बाबा त्या कारखान्यात भट्टीचे मिस्त्री होते. वीस-बावीस वर्षं. भट्टी रचणं, पेटवणं, थंड करणं, सगळं त्यांच्या नजरेखाली. मग एके दिवशी कामावरच पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई आधीच वारली होती. मी शाळेत असताना शेजारच्या भागीकाकी त्यांच्यापाशी बसायच्या. अशी दोन वर्षं झाली होती.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. निघताना बाबांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. सोडेचनात. डोळे माझ्यावर रोखलेले, तोंडातून नुसता घरघर आवाज. मला उशीर होत होता. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि निघाले…

साडेअकराला शाळा सुटली. पौषातलं स्वच्छ ऊन. वखारीत दोघेजण ओंडक्यावर करवत ओढत होते आणि मला तिचा आवाज येत नव्हता. कानात दडा बसला असेल, असं वाटलं. चुन्याच्या भट्टीपाशी आले तर बाबा उभे होते.

धोतर, काळा कोट, काखेत छत्री. कामावर जायचे तसेच.

आता सगळ्यात विचित्र गोष्ट सांगते. मला नवल वाटलं नाही. जरासुद्धा नाही. जणू ते रोजच मला तिथे भेटत होते.

"चल गो," ते म्हणाले, आणि आम्ही चालू लागलो.

बाबा बोलत होते. आजोबा या भट्टीवर टोपलीने शिंपले वाहायचे, ते सांगितलं. मांडवापाशी थांबून, इथून पाण्यात गेलेलं शेवटचं गलबत त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, ते सांगितलं. मी 'हो, हो' करत होते. घरी जाऊन भात टाकायचा होता, म्हणून पाय उचलत होते.

"हळू चाल," ते एकदा म्हणाले. "इतकी कसली घाई?"

पुलावर समोरून एक मासेवाली आली, डोक्यावर पाटी. पूल अरुंद. ती एका अंगाला झाली, कठड्याला अगदी चिकटून. आम्ही दोघं पुढे गेलो.

कारखान्याच्या फाटकाशी बाबा थांबले आणि मान वर करून चिमणीकडे बघू लागले.

"धूर बघ," म्हणाले. "सरळ जात नाय. मोठ्या भट्टीची कमान बसत्येय. गणूला सांग, माणसं बाहेर काढ."

मी पाहिलं. धूर निघाल्या निघाल्या खाली वाकत होता, काळपट, जड.

"तुम्हीच सांगा ना, बाबा."

"मला आत नाय जाता येत. तू जा."

मी आत गेले. गणू मिस्त्री बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता त्यांच्या जागी होता. मोठ्या भट्टीच्या तोंडाशी उभा राहून कच्ची कौलं आत लावून घेत होता. आत सात-आठ बाया होत्या.

"गणूदादा, बाबांनी सांगितलंय. मोठ्या भट्टीची कमान बसत्येय, माणसं बाहेर काढ."

गणू माझ्याकडे बघतच राहिला. "कोणी सांगितलंय?"

"बाबांनी. फाटकाशी उभे आहेत."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग ध्यानात आलं, बाबा तर दोन वर्षं खाटेवरून उठले नव्हते. मी वळले. फाटक उघडं होतं. रस्ता, पूल, पलीकडचा मांडव, सगळं लख्ख दिसत होतं. माणूस कुठे नव्हता.

गणू कंदील घेऊन भट्टीत शिरला, कमानीखालून हात फिरवला. हाताला विटेचा ताजा भुगा लागला. "बायांनो, बाहेर व्हा," एवढंच म्हणाला, पण असं म्हणाला की सगळ्या कौलं तिथंच टाकून निघाल्या. शेवटची बाई अंगणात आली न आली तोच आत मोठा धप्प आवाज झाला आणि भट्टीच्या तोंडातून लाल धुळीचा लोट आला. कमान बसली होती.

मी घराकडे धावत सुटले. बाबा गेले, अशीच माझी खात्री झाली होती.

बाबा खाटेवर होते. जिवंत. भागीकाकी दारातच बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. "दहा वाजल्यापासून असे झोपले गो बाय, की मी नाकाशी सूत धरून बघितलं. आत्ता डोळे उघडलेन."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी जवळ गेले आणि काय बोलत्ये ते कळायच्या आत बोलून गेले, "सगळ्या बाहेर आल्या, बाबा. कुणाला काही झालं नाही."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं.

आमच्या डॉक्टरांना मी पुढे हे सांगितलं. ते म्हणाले, तू भट्टीच्या गप्पा ऐकत वाढलीस, धूर वाकडा दिसला, मनाने ते वडिलांच्या तोंडी घातलं. मला हे पटलं. चांगलं महिनाभर पटलं होतं. मग एकदा गणूला धुराचं विचारलं, तर तो म्हणाला, "कसला धूर? त्या आठवड्यात एकही भट्टी पेटली नव्हती." खरंच की… पेटत्या भट्टीत बाया कशा शिरतील? मग मी फाटकातून काय पाहिलं?

ती मासेवालीही मला बाजारात भेटली. तेव्हा एवढी कडेला का झालीस, म्हणून विचारलं. तिने जरा विचार केला. "दोन माणसांना लागते तेवढी वाट दिली. दुसरं कोण होतं ते नाय आठवत."

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. बोलले नाहीत, उठले नाहीत. तुम्ही आला होतात का, असं मी किती वेळा विचारलं. एकदा त्यांनी होकारार्थी मान हलवली. पुढच्याच महिन्यात विचारलं, तर नाही म्हणून हलवली.

या सगळ्याचं पण भय कधी वाटलं नाही. वाटते ती वेगळीच टोचणी. दोन वर्षांनी बाबांचा आवाज कानावर पडला होता. चुन्याच्या भट्टीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत ते माझ्याशी बोलत होते, कितीतरी सांगत होते, आणि त्यातलं निम्मंसुद्धा मी नीट ऐकलं नाही. मला भात टाकायचा होता.