उसवायचं राहिलेलं फूल

शांते, अशी जवळ ये, बस. सव्वा महिना झाला गं तुझ्या आईला जाऊन, आणि तेराव्याला जी पाठ फिरवून गेलीस ती गेलीसच! दोन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. चुलतीशी असं वागतात का? तुझ्या घरी रविवारचा पेपर येतो, म्हणून म्हटलं पुरवणीलाच लिहावं. माझी शाळा चुलीपुढची, शुद्ध-अशुद्ध ते बघून घेतील.

तुझी आई माझी थोरली जाऊ, पण अख्ख्या गावाची अक्का. त्या दिवशी सकाळी माजघरातल्या तख्तावर चांदवा पसरून त्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "धाकटे, चष्म्याची काडी ढिली झाली बघ, दोरा बांधून दे." मी दोरा घेऊन आले तर मान भिंतीला टेकलेली, सुई बोटांतच… मी आधी ती सुई काढून घेतली आणि मंग हाक मारली. रेशमाला ओरखडा जाईल म्हणून! आम्हा दोघींचं त्या चांदव्यानं काय करून ठेवलं होतं, ते यावरून समज.

वाचणाऱ्यांनाही सांगते. चांदवा म्हणजे आमच्या गावच्या देवीवर नवरात्रात धरायचं छत. निजामाच्याही आधीचा, असं सगळे म्हणतात. वांगी रंगाचं रेशीम, मधे कमळ, कोपऱ्यांत राजहंसाच्या जोड्या, आणि सगळं कलाबतूनं भरलेलं, म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेल्या सोनेरी तारेनं. तो सांभाळायचा मान आमच्या घराचा. रीत अशी, की दर घटस्थापनेला घरच्या थोरल्या सुनेनं मोकळ्या जागी एक नवं फूल भरायचं, आणि ज्या हातानं फूल भरलं त्या हातानं शिवेबाहेर मुक्काम करायचा नाही. अक्का सोळाव्या वर्षी या घरात आल्या आणि पहिल्याच घटाला त्यांनी वाकडंतिकडं फूल भरलं. तिथून पुढं गावाबाहेर एक रात्र नाही. तुझं दुसरं बाळंतपण सासरी जालन्याला झालं तेव्हा सकाळच्या एसटीनं आल्या, बाळाला न्हाऊ घातलं आणि चारच्या गाडीला निघाल्या. तू म्हणालीस, "आई, तुला माझ्याहून तो चांदवा प्यारा." बरोबर होते मी, ऐकलं मी. परतीच्या गाडीत राजूर येईस्तोवर अक्का पदराचं टोक पिळत होत्या.

मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी शाळेच्या मास्तरांच्या ओळखीनं औरंगाबादहून एक बाई आल्या, जुन्या कापडांच्या जाणकार. भिंग लावून त्यांनी चांदवा दिवसभर न्याहाळला. तोंडभर कौतुक केलं, आणि मंग एकदम भिंग खाली ठेवलं. अक्कांनी विचारलं, "काय झालं बाई? कसर लागली का?"

"कसर नाही हो. ही नवी फुलं. जुनं रेशीम आता कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालंय. त्यात बाजारचा पीळदार दोरा ओढून भरला की तो करवतीसारखा कापत जातो."

खरंच, जिथं जिथं आमच्या घरचं फूल, तिथं तिथं बारीक चीर. अक्कांनी एका चिरेवरून बोट फिरवलं. "म्हंजी इतकी वर्सं मी देवीचं छतच फाडून राह्यले?" त्या बाईंनी मायेनं शिकवलं. ऊन दाखवायचं नाही. घडी तर बिलकुल घालायची नाही, रेशीम घडीवरच मोडतं. जुनं धुतलेलं मऊ धोतर मधे घालून लाकडी रुळावर गुंडाळायचं. आणि ही फुलं, एकेक टाका कापून, न ओढता काढायची.

त्या घटाला फूल भरलं नाही, देवीवर साधंच छत धरलं. देवळात पाटलीणबाई म्हणाल्या, "अक्का, रीत मोडता? देवी बघंल हां!" अक्का म्हणाल्या, "बघू द्या की. तिला सगळ्यात आधी फाटकं छतच दिसंल." मी घरी येऊन हसत म्हटलं, "फूल न्हाई तर बंधनबी न्हाई. जावा आता शांतीकडं, महिनाभर रहा." आणि खरंच गं… अक्कांनी पिशवी भरली. दोन लुगडी, फणी, नातवाला टोपडं.

आता सांगते ते तुला ठाऊक नाही. अक्का उंबऱ्यात होत्या, पिशवी खांद्याला, आणि मी विचारलं, "अक्का, मंग उसवायचं कोण?" थट्टा नव्हती ती. मला धास्ती पडली होती, की या गेल्या आणि तिकडंच रमल्या तर चांदवा माझ्या गळ्यात येईल. त्या थांबल्या. पिशवी खुंटीला टांगली. "खरं हाय तुझं. माझ्या हातचं मीच काढते. झालं की जाते जल्दी." मंग रोज सकाळच्या उजेडात चार टाके, कधी दोन. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी बसायच्या. आधी आपली फुलं, मंग सासूबाईंची. विचारलं की एकच, "थोडं राह्यलं." भरायला कोंडलेली बाई उसवायलाही कोंडली… आणि या वेळी दाराला कडी घातली ती देवीनं नाही, मी घातली. रुसायचं तर माझ्यावर रूस, शांते. आईवर नको.

एकच फूल राहिलंय. सोळाव्या वर्षीचं, वाकडं. तीन पाकळ्या निघाल्यात, दोन बाकी. ते अक्कांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं का, मला माहीत नाही. काढायचं की राहू द्यायचं, ते तू ठरव. माझा हात धजत नाही. पिशवी अजून खुंटीलाच आहे. टोपडं आतच आहे, ज्याच्यासाठी शिवलं तो पोरगा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागला. आणि चांदवा त्या दिवसापासून तख्तावर तसाच, धोतर पांघरून. एकटीनं गुंडाळायला गेलं की सुरकुती पडते. दोन टोकं दोघींनी बराबर धरावी लागतात, मंग रूळ सरळ फिरतो.

तेवढ्यासाठी तरी ये. सकाळच्या गाडीनं ये, उजेड असतो. गुंडाळून झालं की ती पिशवी मी खांद्याला लावते आणि तुझ्यासंगं येते… मुक्कामाला. लवकर ये गं.